सरासरी

साडेआठची फेरीबोट चुकली
तर फार काही बिघडत नाही, पुढची येतेच.
पण रायबंदरच्या धक्क्यावरची ती दहा मिनिटं
मी अशी मोजतो
जणू त्यांचंही बिल कुणाला तरी पाठवायचंय.

खांद्याला यंत्र. पूर्वी वही होती.
वहीत पेनानं चूक करता यायची, खोडताही यायची.
यंत्र चूक करू देत नाही,
फक्त बंद पडतं.

पँटच्या डाव्या खिशात ग्लुकोजची बिस्किटं,
जी कुठल्याच भत्त्यात बसत नाहीत.
एकवीस वर्षांत चोडणातली माणसं मला
घर नंबरानं ठाऊक झाली, कुत्री नावानं.
टायगर तीन आहेत, तिघेही भित्रे.
आणि पुलाकडच्या घरातला मिनिस्टर,
आधी भुंकतो,
मग बिस्किट घेतो,
पुढच्या महिन्यात ओळख देत नाही.

मीटर कधी माणसाच्या उंचीला लावत नाहीत.
जिन्याखाली, केळीच्या लोंगराआड,
चणेकारांकडे तर देव्हाऱ्याच्या अगदी कडेला.
आकडे वाचायला वाकलो
की त्यांच्या म्हाताऱ्या काकींना वाटतं नमस्कार केला.
त्या प्रसादाचं केळं हातावर ठेवतात.
एकवीस वर्षं.
खरं सांगायचं राहून गेलंय, आता केळंही आवडू लागलंय.

इर्मा बाय एप्रिलात हुर्राक पुढे करते.
ड्युटीवर आहे म्हटलं
की अर्धाच ग्लास भरते.

तुळशीदास आंगलेकर मात्र बलकांवातच अडवतात.
‘घरात दोन माणसं, पंखासुद्धा फिरत नाही, एवढं बिल?’
मी मान हलवतो.
आतल्या खोलीत एसी इतक्या हळू बोलत असतो
की त्याला मालकाचीच भीती असावी.
मी काही म्हणत नाही.
मीटर म्हणतो. त्याला पगार नाही, पेन्शन नाही,
त्याला खरं बोलणं परवडतं.

शेऱ्यासाठी यंत्रात चारच बटणं:
दार बंद. मीटर बंद. कुत्रा. इतर.
‘इतर’ एकदाच दाबलं होतं.
संध्याकाळी ऑफिसातून फोन,
इतर म्हणजे काय?

काय सांगणार होतो?
फुर्तादांचं घर, सगळी मंडळी स्विंडनला,
फाटकाला कुलूप, कुलपाला गंज,
मीटर मात्र दर महिन्याला दोन युनिट पुढे.
साहेब म्हणाले, गळती असेल, बघ.
खिडकीच्या फटीतून बघितलं:
खुरसापुढे एक लाल बल्ब,
शेजारच्या कुणीतरी जळत ठेवलेला,
किंवा जाताना घाईत विझवायचाच राहिलेला.
दोन्हींचं बिल सारखंच येतं.
साहेबांना सांगितलं, गळती नाही.
त्यांनी फाइल बंद केली. चहा मागवला. एकच.

आता माझं घर.
आमच्या वाड्याचं रीडिंग दुसऱ्याकडे आहे,
नवा पोरगा, सर्वेश नावाचा, कानात कायम गाणी.
तो आला तेव्हा मी चोडणात,
प्रतिमा बँकेच्या रांगेत,
मुलगी कॉलेजात किंवा कॉलेजच्या नावानं जिथं कुठं.
बिल आलं, खाली छापलेलं:
दार बंद, सरासरी आकारणी.

सरासरी म्हणजे
मागचे सहा महिने जितके जगलात
तितकेच याही महिन्यात जगला असाल, असं धरून.
तक्रारीचा अर्ज कुठे मिळतो मला पाठ आहे,
कितव्या खिडकीवर, कोण बसतं, किती वाजता उठतं.
चष्मा लावला.
रक्कम वाचली, मीटरपाशी जाऊन आकडेही वाचले,
सवयीनं वाकून.

बरोबर होती.
अगदी युनिटपर्यंत.