७/१२

कागद कोरडा हवा. हे आधी.
समुद्राचा फोटो असला तरी, किंवा असला म्हणूनच.
ईगलहॉक नेकच्या हवेत इतकं मीठ असतं
की काचेवर बोटाने नाव लिहिता येतं,
म्हणून खोलीत मी तांदळाच्या पुरचुंड्या टांगते
आणि चहाची किटली बाहेर, पडवीत ठेवते.

फोटो थेल्मा मावशीचा, एकोणनव्वद सालचा.
फोर्टेस्क्यू बे, अकरा मीटर खाली.
तळापासून उजेडापर्यंत केल्पचं रान,
खांबांसारखं, नाही,
ओल्या केसांसारखं, तेही नाही.
दहा वर्षं छापतेय, उपमा सापडलेली नाही.

आता तिथे खडक आहे.
खडक, आणि लांब काट्यांचे सी-अर्चिन.
पाणी कोमट झालं, असं लोक म्हणतात,
दुकानात, ब्रेड घेता घेता.

बारा प्रती, तेराव्वी निघणार नाही.
कुणी मागितली तरच एक छापायची.
पुठ्ठा आलेल्या पार्सलांचा, उलटा करून.
छपरावरच्या पॅनेलला ऊन मिळेल त्याच दिवशी यंत्र सुरू,
त्यामुळे जुलैत आठवडेच्या आठवडे
नुसतं बसायचं, शाईच्या बाटल्या हलवत.

क्लाइव्ह टॅटरसॉल पैसे घेऊन आला नाही.
पोतं घेऊन आला.
शर्ट. अबलोनीच्या धंद्यातली चाळीस वर्षं,
सगळे सुती, कॉलरी विरलेल्या,
नोरीनने घड्या घालून ठेवलेले.
घड्या आहेत, नोरीन नाही.
"तू चिंध्यांचा कागद करतेस ना?"

बटणं बरणीत काढली. भिजवलं, कुटलं,
लगदा चौकटीवर उचलला.
धुणं असतं तसंच काम,
फक्त शेवटी शर्ट परत मिळत नाही.

पांढरा म्हणता येणार नाही असा ताव झाला,
आणि त्यात एक निळा धागा राहून गेला.
असा ताव बाद करायचा असतो.
मी केला नाही. मन वगैरे काही नाही,
उन्हाचे दोनच तास उरले होते.

छापून निघाला तेव्हा धागा
नेमका केल्पच्या मधोमध,
वरून खाली, जरासा वळलेला.
मी माफी मागायला तोंड उघडलं.
क्लाइव्हने चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला.
बोट नेलं, टेकवलं नाही.
"ही माझी नळी," म्हणाला. "हवेची.
वर बोटीत ती बसायची.
दोन हिसके म्हणजे, जेवायला ये."

यंत्राचा पंखा थांबेपर्यंत
दोघंही काही बोललो नाही.

कोपऱ्यात पेन्सिलने ७/१२ लिहिलं, शेजारी सही.
त्याने ताव दोन्ही हातांनी घेतला,
तलाठ्याकडून घ्यावा तसा,
नावं नीट आहेत ना ते बघत.

बाहेर वारा सुटला होता.
पुठ्ठा छातीशी धरून
तो गाडीपर्यंत आडवा आडवा चालत गेला,
समुद्राकडे पाठ करून,
ओल लागू नये म्हणून.