ताण

ड्यूलूथ. उणे चौदा. गॅरेजचं दार अर्ध्यावरच अडतं.
कारीन बॉनेटखाली कोपरापर्यंत,
वाइनो टॉर्च धरून, उजेड भलतीकडेच.
"इकडे, बाबा." इकडे येतो. पुन्हा घरंगळतो.

सगळा हिवाळा पहाटे पाचला किंचाळलीय ही गाडी.

पट्ट्याची वाट दाखवणारं स्टिकर केव्हाच पुसलं,
म्हणून तिने चर्चच्या पाकिटामागे आधीच काढून ठेवलीय:
अल्टरनेटरवरून, पंपाच्या पाठीवरून, खाली, वळसा, वर.

लांब दांडा लावून ती टेन्शनरचा हात मागे रेटते.
पट्टा सुटतो, मलूल.
जुनी पुली बोटाने फिरवली की खरखरते,
वाइनोच्या छातीत रात्री वाजतं तशी.
हे ती बोलत नाही.

बोल्ट एकच.
तो निघायला चाळीस मिनिटं, एक सोललेलं बोट
आणि वाइनोच्या आईकडच्या सगळ्या फिनिश शिव्या.

नव्याची स्प्रिंग इतकी ताठ
की दांड्याला दोघांनी लोंबकळावं लागतं.
टॉर्च खाली पडतो. पट्टा बसतो.

किल्ली.
इंजिन चालू, आणि वर काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी पलीकडची एडना कुंपणाशी:
"आज गेलीस कधी, कळलंच नाही गं.
त्या किंचाळीवर तर मी कॉफी ठेवायचे."