दगड निवडताना

कुरान्तोसाठी दगड आत्याच निवडते.
ओहोटीला, गुडघ्यापर्यंत रबरी बूट चढवून
वाकते, एकेक उचलते, कानाशी नेते,
दुसऱ्यावर टक्कन आपटते.
"हा नको. याच्या पोटात पाणी आहे.
तापला की फुटेल, कुणाचा तरी डोळा घेऊन जाईल."
वरून सगळे सारखेच दिसतात मला.
लेमुय बेटावर मात्र कुणालाही विचारा,
एदेल्मिरा आत्याचा दगड
खड्ड्यात आजवर फुटलेला नाही.

तिच्या स्वतःच्या पोटात किती, ते
कास्त्रोच्या दवाखान्यातली मुलगी
पडद्यावर मोजत होती.
नऊपर्यंत आली आणि थांबली.
बाकीचे एकमेकांआड आहेत, म्हणाली.
आत्याने पोटावरचं गार जेल
स्वतःच्या रुमालाने पुसलं.
"केवढे आहेत?"
"वाटाण्याएवढे."
"मग राहू देत. वाटाणे मी रोज खाते."

याला दोन हिवाळे झाले.
पहिली तारीख आली तेव्हा मेंढ्या व्यायच्या होत्या.
दुसरी आली तेव्हा बटाटे काढायचे होते.
तिसऱ्यांदा कुणी बोलावलंच नाही.
चिठ्ठी पिठाच्या डब्याखाली आहे,
डबा हलू नये म्हणून चार घड्या घातलेली.

मिल्काओ तळले त्या रात्री
दोनच्या सुमाराला स्वयंपाकघरात दिवा लागतो.
आमच्या भिंती फळ्यांच्या. सगळं ऐकू येतं:
चुलीभोवतीच्या फेऱ्या,
किटलीत पडणारी बोल्दोची पानं,
मग काहीच नाही.
काहीच नाही, ते सगळ्यात वाईट.
मी दारात गेलो की उजव्या बरगडीखालची मूठ
ती झटकन ॲप्रनच्या खिशात घालते.
"जरा पित्त झालंय. जा, झोप."

मी खडा टाकून पाहतो:
"दोन्या रुपेर्ताने करून घेतलं ना,
चौथ्या दिवशी कोंबड्यांना दाणे टाकत होती."
"रुपेर्ताला कोंबड्यांशिवाय आहे कोण,"
आत्या म्हणते, आणि विषय
कोंबड्यांवरच राहतो.

बेलिसारियो आतोबा त्याच दवाखान्यात
चालत गेले होते, टोपी हातात घेऊन.
टोपी परत आली.
हे ती बोलत नाही, पोटात ठेवते.
पोटातच ठेवत आली सगळं:
आतोबांची उधारी, माझ्या बापाचं पिणं,
माझी आई पुंता आरेनासला गेली ती का गेली.
इतकं साठवल्यावर
थोडं थिजणार, थोडं दगड होणार,
असं मी म्हणालो तर डॉक्टर हसतील.
हसू देत.

रोज सकाळी तिच्या डोळ्यांत बघतो,
पांढऱ्यात पिवळं उतरलंय का.
तिला वाटतं, मला काही मागायचंय.
"काय रे, पैसे हवेत?"

मी फेरीवर दोर टाकतो. वेळापत्रक
खडानखडा पाठ आहे मला,
आणि उत्तरेचा वारा सुटला की
ते कसं कागदावरच राहतं, तेही.
बंदर बंद म्हणजे बंद.
पलीकडचे दिवे दिसतात, इतकं जवळ,
आणि आपण इकडे.

आज दगड लालभडक झाले. एकही फुटला नाही.
शिंपले, बटाटे, डुकराचं मांस, वर नाल्काची पानं,
त्यांवर गवतासकट मातीच्या ढेपा.
चुलत्यांची पोरं खड्ड्याभोवती नाचली.
आत्याने ताटातलं मांस
न बोलता माझ्या ताटात सरकवलं.
नुसते बटाटे खाल्ले, सालीसकट,
सावकाश, कुणीतरी मोजतंय अशा बेताने.

मग खड्ड्याकडे बघतच विचारलं,
"तुमची शेवटची फेरी किती वाजता असते रे?"

मी चाकू खाली ठेवला.
"दहाला. वारा नसला तर."

"आणि असला तर?"

आम्ही दोघांनी धुराकडे पाहिलं,
कुठल्या अंगाला कलतोय ते.