मिठाला जागलेली

दवाखान्याच्या रजिस्टरात मांजराला रकाना नाही.
गाय, म्हैस, बैल, शेळी, कोंबडी,
आणि शेवटी बोटभर रुंदीचा: इतर.
त्या 'इतर'मध्ये मी निळ्या शाईनं लिहिलं,
भुरी. मादी. वय बारा. मान खाली.

संत्र्याच्या पेटीत घालून आणली होती कौतिका घोडमारेनं,
पेटीवर गेल्या हंगामाचा शिक्का, आत पोतं.
"मान उचलतच नाई जी. चार दिवस झाले.
काय हरवलं इचं भुईत, कोनाले ठाऊक."
भुरी फरशीवर उभी, हनुवटी छातीला टेकलेली,
बुबुळं एवढी पसरलेली
की डोळ्यांतला हिरवा रंग काठापुरता उरलेला.

ढोबळे डॉक्टर गुरांचे.
म्हणाले, हे माझ्या हातचं नाही, नागपूरला न्या.
कौतिकानं शाळेच्या खिचडीला बदली बाई दिली
आणि आर्वीहून यष्टीत बसली, पेटी मांडीवर.
मांजराला अर्धं तिकीट की पूर्ण,
ह्यावरून तळेगावपर्यंत वाद.

परत आली ती चिठ्ठी घेऊन. मला वाचायला लावली.
उजव्या मूत्रपिंडाच्या डोक्यावर एक ग्रंथी,
ग्रंथीत गाठ, तुरीच्या दाण्याहून थोडी मोठी.
गाठ रस बनवते, थांबत नाही.
रस अंगाला सांगतो: मीठ धरून ठेव,
पोटॅशियम जाऊ दे.
मग रक्ताचा दाब चढतो, डोळ्याचा पडदा सुटतो,
मानेतलं बळ लघवीवाटे निघून जातं.

ती ऐकत होती. वीस वर्षं दीडशे पोरांच्या खिचडीत
मुठीनं मीठ घालणारी बाई,
चमचा कधी लागला नाही तिला.
"म्हंजे मिठाले जागली म्हना," ती म्हणाली,
"जरा जास्तच."
हसायचं होतं की नाही, मला कळलं नाही.

गाठ मोठ्या शिरेला चिकटलेली.
कापायचं तर वर्षाचं मानधन, आणि तरी खात्री नाही.
म्हणून गोळ्या. पाव सकाळी, पाव संध्याकाळी,
आणि एक पूड, जी भुरी थुंकते.
कौतिका सुकट तीन पाण्यांनी धुते, मीठ जाईस्तोवर,
तिच्यात पूड लपवते,
आणि शेजारी बसून स्वतः अळणी वरण खाते.
सोबत म्हणून नाही, म्हणते.
हातानं मीठ घ्यावंसं वाटत नाही, एवढंच.
मागच्या गुरुवारी पोरांनी खिचडी ताटात टाकली.
हेडमास्तरांनी वहीत नोंद केली.

अकराव्या दिवशी वजनाला आली.
शेळ्यांच्या काट्यावर भुरी पावणेतीन किलो.
आढ्याला पाल चुकचुकली.
भुरीनं मान वर केली,
रहाटाची बादली येते तशी, थांबत थांबत.
पाल तिला दिसली नसावी,
डोळे भलत्याच कोपऱ्यात लागले होते.
कौतिका काही बोलली नाही,
काट्याची दांडी धरून उभी राहिली.

'इतर'मध्ये जागा उरली नव्हती.
मी कोंबड्यांच्या रकान्यात लिहिलं:
मान वर.