डबल बेल

घणसोलीहून निघालो तेव्हा नऊच वाजले होते,
तरी ब्लाउज पाठीला चिकटलेला.
आमच्या यवतमाळचं ऊन कसं,
ओला दुपट्टा डोक्यावर घ्यावा,
नाक्यापर्यंत पोचेस्तोवर त्याचा पापड.
इथलं ऊन पाण्यातून उठून येतं,
न विचारता मांडीवर बसतं,
आणि मग उठायचं नाव घेत नाही.

गाडी मुलाची. सीटांवरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नाही.
स्टिअरिंगवर हे.
एकतीस वर्षं यवतमाळ–वणी,
एकतीस वर्षं तोच करंजीचा फाटा.
मी एकदाच बसले होते ह्यांच्या गाडीत,
माहेरी जाताना, तिसऱ्या रांगेत, तिकीट काढून.
ह्यांनी आरशातसुद्धा पाहिलं नाही.
ड्युटी म्हणजे ड्युटी.

आज शेजारी. पट्ट्यात अडकलेलं मंगळसूत्र सोडवत.

पामबीचवर उजव्या हाताला तिवरं,
तिवरांपलीकडे ओहोटीचा चिखल,
चिखलात दूरवर गुलाबी काहीतरी.
मला वाटलं, कुणी लुगडं वाळत घातलंय.
मग लुगडं उडालं.
"पायलं का?" हे म्हणाले,
आणि मागच्या ट्रेलरनं हॉर्न दिला तरी
गाडी तिसऱ्या गिअरवरच.

उलव्याच्या पुढं फोनमधली बाई म्हणाली,
दोनशे मीटरवर उजवीकडे वळा.
उजवीकडे खाडी होती.
"हिले उतरव खाली," हे म्हणाले,
जशी ती विनातिकीट बसली होती.
मी फोन बंद करून पर्समध्ये टाकला.

द्रोणागिरीत रस्ते आहेत, दिवे आहेत,
सेक्टरांचे नंबर आहेत,
घरं यायची आहेत अजून.
एका थांब्याच्या सावलीत एक म्हातारी, पुढ्यात पाटी.
ह्यांचा पाय आपोआप ब्रेकवर.

"करंज्याला नेशाल का? यष्टी गेली माजी."

कान लाल झाले ह्यांचे,
जशी ती गाडी ह्यांनीच तिला न घेता हाणली होती.

बारकीबाय मागं बसली. पाटीच्या तळाशी उरलेले बोंबील,
बर्फाचं पाणी थेंब थेंब नव्या सीटवर.
काचेतून बोट दाखवत राहिली:
ती शेता आमची होती, आथा डबं ठेवलान त्यांवं.
डबे म्हणजे कंटेनर, एकावर एक, पाच-सहा मजली,
लाल, निळे, गंजके, कुणीच राहत नसलेले.
मग मिठागर आलं.
मीठ समुद्रातून येतं हे ठाऊक होतं मला,
पण त्याला बांध असतात, वाफे असतात,
राखणीला माणूस असतो, हे आज पाहिलं.
"आमच्याकडं कापूस," मी म्हणाले.
"तो पन पांढराच ना," ती म्हणाली.
पुढं बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

करंज्याच्या बंदरावर ती उतरली,
पदराच्या गाठीतून दहाची नोट काढली,
ह्यांच्या पुढं धरली.
मला वाटलं, हे नको म्हणतील.
हे थांबले.
एकतीस वर्षांत भाड्याचा एक पैसा
ह्यांच्या हातात पडला नव्हता, ते मास्तरचं काम.
नोट घेतली, उलटीपालटी करून पाहिली,
आणि माझ्या हातावर ठेवली.

समुद्र मी निळा समजत होते.
होता चहासारखा, साय धरलेला.
पलीकडे रेवस, मध्ये एक लाँच,
डिझेलचा आणि सुक्या जवळ्याचा वास.
आम्ही खाली उतरलोच नाही,
काचा उघड्या टाकून बसून राहिलो,
घाम गळू दिला. कुणाचं काय जातंय.

मग ह्यांनी गाडी चालू केली.
हात गिअरवर. गाडी हलेना.
मी पाहिलं, हे समोर बघत नव्हते,
कान देऊन बसले होते.
कुणी सांगितल्याशिवाय निघायची
सवयच नव्हती ह्यांना.

मी बांगडी काचेवर वाजवली.
दोनदा.

बोंबलाचा वास मुलाला चार दिवस येत होता.
आम्ही दोघंही म्हटलं, नाही बा, काहीच नाही.
नोट अजून पर्समध्ये आहे. ओलसर.
यवतमाळला नेली की वाळेल.