दुसरा गिअर

पहिल्यातून दुसऱ्यात जाताना
ब्युइकला मागून कुणीतरी लाथ घातल्यासारखं होतं.
इम्पीची कॉफी थर्मासच्या टोपणातून
थेट तिच्या कोटावर.
"तू जोडलंस की ठोकलंस रे?"
बहीण आहे. विचारणारच.

थंडीभर जोडत होतो.
सॉनाच्या बाहेरच्या खोलीत, कपडे काढून ठेवायच्या बाकावर,
कारण निगॉनीत जानेवारीत
बोटं हलतील अशी तेवढीच एक जागा.
क्लचच्या चकत्या रात्रभर तेलात भिजत घातल्या,
गुरुवारच्या सूपसाठी वाटाणे घालावेत तशा.
पुस्तकाची पानं वाफेनं फुगली.
सील नवे, पट्टे नवे, पंपाचं गास्केट नवं.
बहात्तराव्या वर्षी गुडघे तेवढे जुने.

तिच्या नवऱ्यानं, वेस्लीनं, सहासष्टची ही गाडी
बारा वर्षं विटांवर ठेवली.
मग वेस्ली गेला. विटा राहिल्या.

आता सगळे सांगतात.
ओकरमन म्हणतो, तेल चुकलंय.
पोस्टातला डेल म्हणतो, स्प्रिंग उलटी बसली असेल.
डेलचा मेव्हणा, ज्यानं जन्मात गिअर पाहिला तो सायकलचा,
म्हणतो, जुन्या गाड्यांचा स्वभावच असतो तो.

स्वभाव नसतो.
दाब असतो.

तेल तापवून मोजलं, दांडीवर बरोबर रेघेला,
लाल, जळका वास नाही.
खालचं ताट दोनदा उतरवलं.
पोलादी गोळ्या मोजल्या, पुस्तकात होत्या तेवढ्याच.
स्प्रिंग सुलटी.
(डेलला सांगितलं. त्याला वाईट वाटलं.)
मग गेज लावला, आणि काटा असा चढला
जणू गाडी दोन टन माल घेऊन घाट चढतेय.
ती तर माझ्या अंगणात उभी.
आत मी, आणि मागच्या सीटवर
वेस्लीची कानटोपी.

म्हणजे तिला कुणीतरी खोटं सांगत होतं.

इंजिनावर ओझं किती, हे गिअरबॉक्सला कळतं
बोटाहून बारीक एका नळीतून.
त्या नळीतून काही वाहत नाही.
हवा नसल्याची बातमी तेवढी जाते.
वर, इंजिनापाशी, सतरा.
खाली, मॉड्युलेटरपाशी, आठ.
मधे कुठेतरी हवा मुरत होती.

पाणी मुरलं की निदान डाग पडतो.

पुठ्ठ्यावर आडवा झालो.
एप्रिलचा चिखलबर्फ चॅसिसवरून मानेवर ठिबकत होता.
रबराच्या नळीचा एक तुकडा कानात,
दुसरं टोक सांध्यासांध्यापाशी नेत,
डॉक्टर छाती तपासतो तसा,
फक्त रोगी माझ्या छातीवर.
वरच्या सांध्याशी काही नाही.
खालच्या सांध्याशी काही नाही.
मधल्या पट्टीखाली
सूं...

कॉफीच्या डब्याचा पत्रा कापून केलेली पट्टी.
वेस्लीची.
सगळं बदललं होतं, ही नळी तेवढी ठेवली होती,
कारण तिचं वळण त्यानं गुडघ्यावर दिलेलं,
इतकं नेमकं
की माझा हात धजला नव्हता.
पट्टी सोडवली. खाली गंज,
गंजात सुईच्या टोकाएवढं भोक.

नवी नळी साडेचार डॉलरला.
दोन वाया घालवल्या.
तिसरीला वळण आलं, तेही जरा वाकडंच.
इम्पीला पट्टीचं सांगितलं नाही.

रविवारी तिला तळ्याकडे घेऊन निघालो.
पहिला.
लाकडाच्या वखारीपुढच्या कोपऱ्यावर
तिनं सवयीनं कप वर उचलला,
पाय रोवले, मान ताठ,
जसं पाच आठवडे करत आली तसं.
इंजिनाचा आवाज एक पायरी उतरला.
बाकी काही झालं नाही.

"पडला?"
"केव्हाच."

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग कपाकडे.
कॉफी काठाच्या आत होती.
तरी तिसरा पडेपर्यंत
तिनं तो तसाच वर धरून ठेवला.