दोरीवाचून

अरागात्सच्या खांद्यावर, ढगांच्याही वर, आमचं ठाणं.
नोव्हेंबरात रस्ता मिटतो तो थेट मे महिन्यात उघडतो.
खाली अंबेर्दचं चर्च गळ्यापर्यंत बर्फात.
वर आम्ही दोघं: यंत्रं सांभाळणारा मी, श्मावोन,
आणि स्वयंपाकाला हेरिकनाझ.
आणि तळघरातली मोजणीयंत्रं,
जी झोपत नाहीत.

चहात रानओव्याची काडी टाकताना ती रोज विचारते,
"आज काही आलं का वरून?"
आलं, मी म्हणतो. येतच असतं.
कधीकाळी कुठला तरी तारा फुटला,
त्याचा कण आपल्या हवेवर आपटला,
त्याची पिल्लं आत्ता तुझ्या हातातून गेली,
ह्या पिठाच्या हातातून, सेकंदाला एखादं,
आणि तुला गुदगुलीसुद्धा झाली नाही.

ती हात उलटा करून बघते. सुलटा करून बघते.
हातच्या काकणाला आरसा नको म्हणतात,
इथे हातालाच यंत्र लागतं.
"हे मी मुकाट ऐकते," ती म्हणते,
"आणि मी कंदील म्हटलं, की तू हसतोस."

कंदील संत ग्रिगोरचा.
चार सुळक्यांच्या मधोमध, अधांतरी,
दोरी नाही, साखळी नाही,
तेलाच्या जागी त्याच्याच डोळ्यांतलं पाणी.
पात्र असेल त्यालाच दिसतो.

अकरा हिवाळे काढलेत मी इथे.
दर पाच मिनिटांनी शिखराचा एक फोटो निघतो.
कंदील एकातही नाही.
हे एकदा तिला दाखवलं. दाखवायला नको होतं.
तिनं चष्मा लावून दोनशे फोटो पाहिले, एकेक,
मग चष्मा पदराला नाही, थेट पावाच्या फडक्याला पुसला:
"आणि कॅमेऱ्याची पात्रता कोणी तपासली?"

एप्रिलच्या वादळात आकडे चढले.
ढगच कणांना दामटत होते खाली,
पडद्यावरची रेघ भिंतीसारखी उभी राहिली,
मी आनंदानं ओरडलो,
आणि वीज गेली.

बाहेरची केबल साठ पावलांवर.
जाताना मोजली होती पावलं.
येताना एकशेवीस झाली, दोनशे झाली,
पांढऱ्यात पांढरं, वर-खाली सुद्धा उरलं नाही.
होकायंत्र खिशात होतं. खिसा सापडत नव्हता.
प्रार्थना मला येत नाही.
मी आकडे म्हणू लागलो, उलटे, शंभरापासून.
एकसष्टवर असताना

तो दिसला.
पिवळा. हलणारा. कशालाच न टांगलेला.

सकाळी मी सगळं तपासलं, सवयच ती.
माडीच्या खिडकीत फावड्याचा दांडा,
दांड्याला तार, तारेला रॉकेलचा कंदील,
काच तडकलेली.
चाळीस मिनिटं धरून होती ती दांडा बाहेर.
उजवं मनगट पावासारखं फुगलेलं.
"तार होती," मी म्हणालो. काहीतरी बोलायचं म्हणून.
ती डाव्या हातानं कणीक तिंबत होती.
"कंदील पात्र माणसाला दिसतो," ती म्हणाली,
"तार कोणाला दिसते, ते कोणी सांगितलेलं नाही.
मीठ दे."

नोंदवहीत लिहायचं असतं ते जे दिसलं ते, तसंच.
मी लिहिलं: दोन चाळीस. दृश्यता शून्य.
प्रकाश एक, अधांतरी.
मग खोडून लिहिलं: तारेवर.
मग तेही खोडलं नाही, नुसतं कंसात घातलं.
पान वाळायला ठेवलं, तर सहीच्या जागी
तिच्या अंगठ्याचं पीठ लागलं.

येरेवानच्या कचेरीनं ती नोंद
अजून नाकारलेली नाही.
स्वीकारलेलीही नाही.